चिनी भाषेतली सोंगं: नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

चिनी शिकायला लागल्यावर वर्षभराच्या आत 'च्वांग' हा शब्द कानावर आदळायला लागतो. मालिकेत, बातमीत, वर्गमित्रांच्या गप्पांत तो सारखा येतो. शब्दकोश उघडावा तर अर्थ चार दिशांना पळतात: कपडे चढवणे, सामान भरणे, यंत्र बसवणे आणि सोंग घेणे. त्याच्याभोवती ढोंग, वेषांतर, तोतयेगिरी, दिखावा यांचे आणखी पन्नासेक शब्द आणि वाक्प्रचार उभे असतात. बहुतेक जण त्यांची यादी करून पाठ करायला बसतात आणि पुढे वापरताना अडखळतात.

माझं म्हणणं असं की चिनी भाषेतल्या सोंगाच्या जवळपास प्रत्येक शब्दात एक निवाडा दडलेला असतो. हे सोंग क्षम्य की निंद्य, शहाणपणाचं की केविलवाणं, हे शब्द निवडतानाच ठरून जातं. अर्थाबरोबर तो निवाडाही शिकायला हवा. नाहीतर वाक्य व्याकरणात बसतं, पण समोरच्याला बोचतं.

आधी उच्चारांबद्दल थोडंसं

चिनी उच्चार इथे देवनागरीत, जमेल तितक्या जवळचे दिले आहेत. या बाबतीत मराठी माणसाचं काम सोपं आहे. रोमन लिपीत 'बी, डी, जी' दिसलं तरी चिनी उच्चार आपल्या प, त, क यांच्या जवळचा असतो. 'पी, टी, के' म्हणजे ओठ मिटून केलेला फ, मग थ आणि ख. अल्पप्राण-महाप्राण हा फरक आपल्या कानाला लहानपणापासून माहीत असतो. इथे जिथे 'त्स' लिहिलं आहे, तो बहुतेक ठिकाणी 'चाक' किंवा 'चमचा' मधला दंत्य च समजा. 'च्वांग'मधला च मात्र जीभ टाळूकडे वळवून काढायचा. मोबाइलच्या शब्दकोशात तो शोधायचा असेल तर झेड, एच, यू, ए, एन, जी अशी अक्षरं टाका. सूर पहिला, म्हणजे उंच आणि सपाट.

पहिली पायरी: एकाच क्रियापदावर हात बसवा

च्वांगच्या चिन्हात खालचा भाग 'कपडे' या अर्थाचा आहे, वरचा भाग आवाज सुचवतो. मुळात वस्त्र, मग वेष, मग वेषामागचं सोंग, असा त्याचा विस्तार झाला. 'शीच्वांग' म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचा सूट, 'पाओच्वांग' म्हणजे वस्तूचं वेष्टन, आणि 'च्वांगपिंग' म्हणजे आजाराचं सोंग.

नवशिक्याने पहिले काही दिवस फक्त ही जोडणी करावी: च्वांग आणि त्यापुढे ज्याचं सोंग घेतलं ते. च्वांगपिंग म्हणजे आजारी असल्याचं सोंग, च्वांगश्वेइ म्हणजे झोपेचं सोंग, च्वांगषा म्हणजे मूर्खाचं सोंग, च्वांग हूथू म्हणजे काही कळत नसल्याचा आव. शेवटच्यासाठी आपल्याकडे वेड पांघरून पेडगावला जाणं आहेच. चिनी माणूस तेच लांबवून म्हणतो, 'छ्वाय च मिंगपाइ च्वांग हूथू': उमज छातीशी लपवून ठेवायची आणि वरून गोंधळल्याचं दाखवायचं.

त्यानंतर हा साचा घ्या: नाही ते, च्वांग, आहे ते. 'पू तोंग च्वांग तोंग' म्हणजे समजलेलं नसताना समजल्याचा आव आणणं. भाषा शिकणाऱ्यांना हा वाक्प्रचार रोज लागतो. शिक्षकाने 'कळलं का?' विचारल्यावर मान डोलवणाऱ्या विद्यार्थ्याचं नेमकं वर्णन यात आहे. साचा एकदा पकडला की बाकीच्या जोड्या आपोआप सुचतात: आजार नसताना आजार, पैसा नसताना पैसा.

पूर्ण वाक्याचं सोंग असेल तर 'च्याच्वांग' घ्या. 'च्याच्वांग मेइ खानच्येन' म्हणजे पाहिलंच नाही असं दाखवणं. यातल्या 'च्या'चा अर्थ खोटं, आणि त्याचा सूर तिसरा, आधी खाली जाऊन मग वर येणारा. सूर जपा, कारण तेच चिन्ह चौथ्या सुरात वाचलं की 'सुट्टी' होतं. आजारपणाच्या रजेचा अर्ज आणि आजाराचं सोंग या दोन्हींबद्दल एकाच वाक्यात बोलताना भलेभले घसरतात.

'पिये च्वांग ल' म्हणजे 'सोंग पुरे'. हे मित्राला म्हणावं, भावंडाला म्हणावं. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला कधीही म्हणू नये.

दुसरी पायरी: वेष बदलणं आणि तोतयेगिरी वेगळी ठेवा

इथे चार शब्द पुरतात. 'छ्याओच्वांग तापान' म्हणजे ओळख लपवण्यासाठी वेष पालटणं. गुप्तहेर, पळालेला राजपुत्र, साध्या कपड्यातला पोलीस यांच्यासाठी हा शब्द. 'वेइच्वांग' लष्करी वासाचा आहे. सैनिकांच्या ठिपक्याठिपक्यांच्या गणवेशापासून माणसाने चढवलेल्या खोट्या रूपापर्यंत सगळीकडे तो चालतो. 'माओछुंग' म्हणजे तोतयेगिरी, दुसऱ्याचं नाव किंवा पद सांगून फसवणं, आणि त्यात निंदा सरळ आहे. 'पानयेन' म्हणजे भूमिका करणं, त्यात निंदा काहीच नाही.

'न्यू पान नान च्वांग', म्हणजे पुरुषवेषातली स्त्री, या शब्दांवर थोडं थांबायला हवं, कारण चिनी परंपरेतली अत्यंत आवडती सोंगं या जातीची आहेत. हुआ मुलानच्या जुन्या गीतात ती बापाच्या जागी सैन्यात जाते आणि 12 वर्षं बरोबर लढलेल्या सोबत्यांना ती मुलगी असल्याचा पत्ता लागत नाही. गीत संपतं ते दोन सशांवर: नर-मादी शेजारीशेजारी जमिनीलगत धावत असताना कोण कोणतं, हे कसं ओळखावं? दुसरी कथा चू यिंगथाय या मुलीची. ती शिकता यावं म्हणून मुलाच्या वेषात शाळेत जाते. दोघींच्या कथांत वेषांतराला दूषण नाही, कौतुक आहे, कारण एकीचं सोंग बापासाठी आणि दुसरीचं विद्येसाठी आहे. चिनी माणूस सोंगाला तोलताना ते कशासाठी घेतलं हे आधी पाहतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हे ध्यानात ठेवा.

तिसरी पायरी: चार अक्षरी वाक्प्रचार गोष्टीसकट शिका

'छंगयू' म्हणजे बहुधा चार अक्षरांचे, जुन्या ग्रंथांतून आलेले वाक्प्रचार. गोष्ट ठाऊक नसेल तर शब्दशः अर्थ दगा देतो. याचं चांगलं उदाहरण म्हणजे 'हू च्या हू वेइ'. नवशिक्या वाचतो: कोल्हा, खोटा, वाघ, दरारा. पण इथला 'च्या' जुन्या अर्थाने आला आहे: उसना घेणं. वाघाने कोल्ह्याला पकडलं तेव्हा कोल्हा म्हणाला, 'मला देवाने प्राण्यांचा राजा नेमलंय, माझ्यामागून चाल आणि बघ.' सगळे प्राणी पळाले, वाघामुळे. वाघाला वाटलं, कोल्ह्यामुळे. ही गोष्ट प्राचीन चीनमधल्या छू राज्याच्या राजाला त्याच्याच सेनापतीबद्दल सांगितली गेली होती: उत्तरेकडची राज्यं सेनापतीला भितात, पण खरी भीती राजाच्या फौजेची आहे. आजही साहेबाच्या नावावर गुरकावणाऱ्या हाताखालच्या माणसासाठी हाच वाक्प्रचार वापरतात.

'लान्यू छुंगषू' त्याहून उपयोगी. प्राचीन छी राज्यातल्या श्वान नावाच्या राजाला 'यू' हे फुंकवाद्य 300 वादकांकडून एकत्र ऐकायला आवडे. नानक्वो नावाचा एक जण त्या घोळक्यात शिरला, वाजवल्यासारखं करत राहिला आणि पगार घेत राहिला. राजा वारला. त्याच्या मुलाला एकेकाचं वादन ऐकायचं होतं, तेव्हा नानक्वो पळाला. ही गोष्ट इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातल्या हान फेइ या विचारवंताच्या लेखनात आहे. वापरताना सांभाळा. 'मी आपला संख्या भरायला आहे' असं स्वतःबद्दल म्हटलं तर ती नम्रता ठरते आणि ऐकणाऱ्याला आवडते. तेच सहकाऱ्याबद्दल म्हटलं तर त्याची लायकी काढली असं होतं.

'येन अर ताओ लिंग' म्हणजे कान झाकून घंटा चोरणं. चोराने स्वतःचे कान झाकले आणि जगाला आवाज येणार नाही असं मानलं. हे दुसऱ्याला फसवण्यापेक्षा स्वतःला फसवण्याबद्दल आहे, त्यामुळे ते धूर्त माणसाला लावू नका, मूर्खपणाला लावा.

दरबारी ढोंगाचे दोन वाक्प्रचार जोडीने घ्यावेत. 'खोउ मी फू च्येन', तोंडात मध आणि पोटात तलवार, हे तांग काळातला मंत्री ली लिनफू याच्याबद्दलचं वर्णन. तो इसवी सन 753 मध्ये वारला. 'श्याओ ली त्सांग ताओ', हसण्यात लपवलेली सुरी, त्याच राजवंशातल्या ली यीफू या आधीच्या मंत्र्याशी जोडलं जातं. आपलं 'ओठात एक, पोटात एक' पहिल्याच्या अगदी शेजारी बसतं, पण चिनी वाक्प्रचारात शस्त्र आहे. साध्या लबाडीसाठी तो फार जड पडतो.

आणि 'च लू वेइ मा', हरणाकडे बोट दाखवून घोडा म्हणणं. छिन साम्राज्याच्या शेवटी, इसवी सनपूर्व 207 मध्ये, चाओ काओ या सत्ताधीशाने दरबारात हरीण आणवलं आणि त्याला घोडा म्हणाला. काही जण गप्प राहिले, काहींनी हो ला हो म्हटलं. ज्यांनी हरीण म्हटलं त्यांचा पुढे काटा काढला गेला. सोंग इथे अख्ख्या दरबाराला घ्यायला लावलं होतं. बातम्या वाचताना हा वाक्प्रचार दिसला तर लिहिणारा सत्तेवर फार मोठा आरोप करतो आहे असं समजा.

चौथी पायरी: कौतुकाचं सोंग ओळखा

या पायरीवर बाहेरून येणारे हमखास चुकतात. मूर्ख दिसणं हे चिनी परंपरेत मोठं शहाणपण मानलं जातं. 'ता च रवो यू' म्हणजे थोर बुद्धी मूर्खपणासारखी दिसते, आणि हा स्तुतीचा शब्द आहे. बांबूची चित्रं काढणारा, काही काळ अधिकारी राहिलेला 18 व्या शतकातला चित्रकार चंग पानछ्याओ याने लिहिलेली 'नानते हूथू' ही अक्षरं आजही घरांत आणि कचेऱ्यांत भिंतीवर टांगलेली दिसतात. अर्थ असा की जाणूनबुजून थोडं गोंधळलेलं राहणं दुर्मीळ आणि अवघड आहे. तेच 'हूथू' पहिल्या पायरीवर च्वांगबरोबर आलं तेव्हा निंदा होती, इथे ते ध्येय झालं.

या दोन टोकांमध्ये 'च्या छ पू त्येन' येतं: वेड्याचं सोंग घ्या, वेडे होऊ नका. लष्करी डावपेचांच्या प्रसिद्ध 36 युक्त्यांपैकी ती 27 वी. तिच्यासाठी सि-मा यी या सेनापतीची गोष्ट सांगतात. वेइ राज्यात त्साओ श्वांग हा प्रतिस्पर्धी सत्तेवर होता आणि म्हातारा सि-मा यी आजाराचं निमित्त करून घरी बसला होता. इसवी सन 248 च्या हिवाळ्यात त्साओने ली शंग नावाचा माणूस निरोपाच्या भेटीच्या मिषाने टेहळणीला पाठवला. सि-मा यीच्या हातून अंगरखा गळून पडला. दासीने पेज भरवली, ती छातीवर ओघळली. ली शंग म्हणाला, 'मी चिंग प्रांतात चाललोय.' म्हाताऱ्याने ऐकलं 'पिंग' प्रांत, आणि तिथल्या टोळ्यांपासून जपायचा सल्ला दिला. ली शंगने दुरुस्त केलं तरी तो पिंगच म्हणत राहिला. ली शंगने परत जाऊन सांगितलं की माणूस संपल्यातच जमा आहे. 249 च्या सुरुवातीला त्साओ श्वांग बादशहाबरोबर राजधानीबाहेर समाधीच्या दर्शनाला गेला आणि त्याच दिवशी सि-मा यीने ती राजधानी, लोयांग, ताब्यात घेतली. चिंग आणि पिंग यांत चाचपडणाऱ्या भाषेच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट विसरता येत नाही.

आजच्या राजकारणात याच जातीचा शब्द म्हणजे 'थाओ क्वांग यांग ह्वेइ': आपलं तेज झाकून ठेवणं, अंधारात राहून स्वतःला घडवणं. चिनी नेते तंग श्याओपिंग यांच्या 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या परराष्ट्र धोरणाशी तो जोडला जातो. परक्या भाष्यकारांनी त्यात 'संधीची वाट पाहत ताकद लपवणं' असा धोका वाचला, चिनी वाचकाला त्यात संयम आणि नम्रता दिसते. मला स्वतःला दोन्ही वाचनं प्रामाणिक वाटतात, कारण शब्दात दोन्हीला जागा आहे. तुम्ही भाषांतर करत असाल तर बोलणारा कोण आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाचवी पायरी: बाजारातली आणि घरातली बोली

इथे भाषा मोकळी होते, आणि मला हा भाग सगळ्यात प्रिय आहे. 'श्येहोउयू' म्हणजे दोन तुकड्यांची म्हण: पहिला तुकडा चित्र देतो, दुसरा अर्थ. बोलताना बहुधा पहिलाच म्हणतात, दुसरा ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा.

'श्वेइश्येन पू खाइह्वा, च्वांगस्वान': नर्गिसाला फूल आलं नाही, लसूण असल्याचं सोंग. चिनी नववर्षाच्या आधी घरोघर थाळीत पाणी घालून नर्गिसाचे कंद वाढवतात. फूल येईपर्यंत कंद आणि पात दोन्ही हुबेहूब लसणासारखे दिसतात. म्हणून 'च्वांगस्वान', लसणाचं सोंग, म्हणजे कळूनही न कळल्यासारखं करणं. उत्तरेकडे हा शब्द फार चालतो आणि त्याला घरगुती रागाचा सूर आहे. 'चू पीत्स छा त्सुंग, च्वांगश्यांग': डुकराने नाकात कांद्याची पात खोवली, हत्तीचं सोंग. 'श्यांग' म्हणजे हत्ती, आणि त्याच सुरात 'श्यांग' म्हणजे रुबाबदार रूप. शिष्टपणा करणाऱ्याला हे लावतात. मुंगसाच्या वळणाचा, कोंबड्या पळवणारा पिवळा विझल नववर्षाला कोंबडीकडे शुभेच्छा द्यायला येतो, ती म्हण मनात काळंबेरं असलेल्या पाहुण्यासाठी. उंदरासाठी रडणारी मांजर खोट्या दयेसाठी.

'क्वा यांगथोउ माइ कोउरोउ' म्हणजे दाराशी मेंढीचं डोकं टांगून कुत्र्याचं मांस विकणं. दुकान, शिकवणी, संस्था, ज्यांची पाटी एक आणि माल दुसरा, त्यांच्यासाठी. 'ता चुंग ल्येन छुंग फांगत्स' म्हणजे थोबाड बडवून सुजवायचं आणि गुबगुबीत असल्याचं दाखवायचं. ऐपत नसताना प्रतिष्ठेसाठी खर्च करणारा माणूस त्यात उभा राहतो. आपण 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही' म्हणतो. चिनी म्हण सांगते की लोक तेही आणतात, आणि गाल दुखेपर्यंत आणतात. तिच्यात चीड कमी आणि कणव जास्त आहे.

'त्स ती वू यिन सानपाइ ल्यांग' ही आपल्या चोराच्या मनातल्या चांदण्याची सख्खी बहीण. एकाने 300 ल्यांग चांदी पुरली आणि वर पाटी लावली: इथे 300 ल्यांग चांदी नाही. शेजाऱ्याने ती पळवली आणि आपली पाटी लावली: शेजारच्या वांग अरने चोरली नाही.

नाटकाच्या रंगमंचावरूनही शब्द आले आहेत. चिनी संगीतनाटकात लाल चेहरा निष्ठेचा, क्वान यू या सेनापतीसारखा, आणि पांढरा कपटाचा, त्साओ त्साओ या सत्ताधीशासारखा. म्हणून एकाने गोड बोलायचं आणि दुसऱ्याने दरडावायचं ठरवलं की त्याला 'छांग हुंगल्येन' आणि 'छांग पाइल्येन' म्हणतात. मुलाला अभ्यासाला बसवणाऱ्या आईबापांपासून व्यापाराच्या बैठकीपर्यंत हे ऐकू येतं. सिच्वानच्या नाटकातला 'प्येनल्येन', क्षणात मुखवटा बदलण्याचा खेळ, बोलीत 'एकदम बिनसणं, तोंड फिरवणं' या अर्थाने येतो.

एक इशारा. चिनी यजमान भेटवस्तू दोन-तीनदा नाकारून मग घेतो, जेवणाचं बिल भरण्यावरून ओढाताण होते. हा रिवाज आहे, त्याला च्वांग किंवा च्या म्हणू नका. 'च्या खछी', खोटी औपचारिकता, हा शब्द आहे, पण तो पाहुण्याच्या तोंडी शोभत नाही.

सहावी पायरी: पितळ उघडं पडण्याचे शब्द

सोंग शिकलात की ते उतरण्याचे शब्द लागतातच. 'लोउश्यार' म्हणजे सारण दिसणं: उकडीचा मोदक फुटून आतलं बाहेर यावं तसं. हा हलका शब्द, गमतीतही चालतो. 'लोउ माच्याओ' म्हणजे घोड्याचे पाय दिसणं, थोडा गंभीर. 'छ्वानपांग' चित्रपटातल्या चुकांसाठी जास्त ऐकाल, जसं जुन्या काळच्या दृश्यात विजेची तार दिसणं. 'कोल्ह्याची शेपटी दिसली' असंही म्हणतात, ते लबाडासाठी.

शेपटीवरून 'पश्चिमेची यात्रा' या जुन्या कादंबरीतला माकडराजा सुन वुखुंग आठवतो. तो 72 रूपं घेऊ शकतो. पाठलाग होताना तो देऊळ बनला: तोंडाचं दार, डोळ्यांच्या खिडक्या, जिभेची मूर्ती. शेपटीचं काय करायचं सुचेना, म्हणून ती मागे निशाणाची काठी करून उभी केली. पाठलाग करणाऱ्या अरलांग देवाला हसू आलं. देवळं पुष्कळ पाहिली होती, पण काठी देवळाच्या मागे कधी नव्हती.

इंटरनेटवर नवे शब्द रोज येतात, पण काही टिकले आहेत. 'माच्या' म्हणजे बिनबाह्यांची बंडी, आणि तोच शब्द दुसऱ्या नावाने उघडलेल्या खोट्या खात्यासाठी. 2000 सालच्या चिनी नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमातल्या एका प्रहसनात 'बंडी घातलीस म्हणून मी ओळखणार नाही वाटलं?' अशा अर्थाचं वाक्य होतं, ते लोकांच्या तोंडी बसलं. बंडी गळून पडली, 'त्याओ मा', म्हणजे खरा माणूस कळला. 'रनषे' म्हणजे लोकांसमोर उभी केलेली प्रतिमा. ताऱ्याचं लफडं बाहेर आलं की ती 'कोसळते'. 'फान-अर-साय', म्हणजे फ्रान्समधला व्हर्सायचा राजवाडा, हा शब्द 2020 मध्ये पसरला: तक्रारीच्या सुरात स्वतःची श्रीमंती मिरवणं. च्वांगपुढे 'पी' लावून होणारा शब्द तरुणांच्या तोंडी सर्रास ऐकाल. शिष्टपणा असा अर्थ असला तरी दुसरं अक्षर स्त्रीच्या अवयवावरची शिवी आहे. ओळखा, वापरू नका. निरागसतेचं सोंग घेणाऱ्या मुलीला 'ल्यूछा', हिरवा चहा, म्हणतात. तोही बायकांना हिणवणारा शब्द, दूर ठेवा.

सातवी पायरी: एकच गोष्ट तीनदा लिहा

वहीत सि-मा यीची गोष्ट पाच-सहा सोप्या चिनी वाक्यांत तीन वेळा लिहा. पहिल्यांदा त्याच्या मुलाच्या तोंडून, 'ता च रवो यू' आणि 'च्या छ पू त्येन' वापरून. दुसऱ्यांदा त्साओ श्वांगच्या घरच्या माणसाच्या तोंडून. तिथे 'श्याओ ली त्सांग ताओ' आणि 'वेइच्वांग' येतील. तिसऱ्यांदा त्या पेज भरवणाऱ्या दासीच्या तोंडून, एकही छंगयू न घालता, फक्त 'च्वांगपिंग' आणि 'च्याच्वांग' एवढ्यावर. मग तिन्ही मजकूर चिनी शिक्षकाला किंवा चिनी मित्राला द्या आणि कुठला शब्द चुकीच्या माणसाच्या तोंडी गेला आहे ते विचारा. व्याकरण त्याला नंतर तपासू द्या.